दंतोबांचा फोन आणि पुढचे चार दात

दंतोबांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही पटकन आठवत नाही. ती त्यांना 'अहो' म्हणते आणि उरलेलं सगळं जग 'दंतोबा'. त्यांचा धंदा कवळ्या करण्याचा. दातांच्या दवाखान्यामागे एक अरुंद जिना आहे. तो चढलं की दोन खोल्या लागतात आणि त्या खोल्यांत एकतीस वर्षं हा माणूस डोळ्यांवर जाड चष्मा आणि तोंडावर फडकं बांधून दुसऱ्यांचे दात घासत बसलेला आहे. एका खोलीत प्लॅस्टरचे साचे, दुसरीत पॉलिशचं चाक. दोन्हींत पांढरी धूळ इतकी की संध्याकाळी दंतोबा घरी निघाले म्हणजे एखादा पुतळा कंटाळून चौथऱ्यावरून उतरल्यासारखा दिसतो.

आसपासच्या निम्म्या हसण्यांवर त्यांचा हक्क आहे, पण तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. रस्त्यात कुणी भेटलं की तुम्ही-आम्ही चेहरा बघतो, दंतोबा आपलं काम बघतात. बँकेतल्या साहेबांचं रुबाबदार हसू, शाळेच्या मोठ्या बाईंचा दरारा, लग्नाच्या हॉलमध्ये गाणाऱ्या त्या गायकाच्या लांबच लांब ताना, सगळं त्यांच्याच चाकावरून गेलेलं. पण साच्यांवर नाव म्हणून नाही, फक्त आकडे. कुठला आकडा कोणाचा, ते त्यांच्या डोक्यात. एकदा एका समारंभात बायकोने कोपर मारून विचारलं, "अहो, त्या हिरव्या ड्रेसवाल्या बाईंचे दात खरे आहेत का हो?"

"दात आहेत," दंतोबा म्हणाले.

"ते मलाही दिसतंय!"

"मग झालं."

तेव्हापासून ती मैत्रिणींना सांगते, "माझं लग्न तिजोरीशी झालंय, आणि किल्ली आतच राहिलीय."

असा हा माणूस जुन्या बटणांच्या फोनवर सुखात होता. एका दुपारी ते प्लॅस्टर कालवायला वाकले आणि फोन वरच्या खिशातून घसरून थेट भांड्यात पडला. ते प्लॅस्टर काही कुणासाठी थांबत नाही. चिमट्याने काढेपर्यंत ते घट्ट झालं होतं. साचा फोडल्यावर फोनची इतकी सुरेख प्रत निघाली की बटणांवरचे आकडेसुद्धा वाचता येत होते. फोन मात्र गेला.

खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना आनंदच झाला. "बरं झालं. आता कॅमेऱ्याचा घ्या. रंग जुळवायला पेशंटला तो जिना चढायला लावणं बरं दिसत नाही. मी खालूनच फोटो काढून पाठवत जाईन."

"फोटो माझ्याजवळच राहतील ना?" दंतोबांनी विचारलं. "म्हणजे फक्त माझ्याजवळ?"

"मग काय पेपरात छापणार आहात?"

दंतोबांनी दोन गोष्टी ठरवल्या. फोन स्वस्तातला घ्यायचा, आणि त्याला चांगलं कुलूप पाहिजे. इथवर सगळं ठीक होतं. चूक झाली ती ही की त्यांनी हे घरी सांगितलं.

घरी सांगितलं म्हणजे मेहुण्याला सांगितलं. या घरात कुणी नवा पंखा घ्यायचं मनात आणलं तरी त्याचं वारं आधी मेहुण्याला लागतं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. एका ऑफिसात, लोकांनी आपापलं काम कसं करावं हे त्यांना सांगण्याच्या कामावर आहे, आणि हे काम तो घरी आल्यावरही फुकटात चालू ठेवतो. मनाने सोन्यासारखा. रात्री-अपरात्री हाक मारा, धावत येईल. अडचण एवढीच की हाक मारली नाही तरी येतो.

"भाऊजी, तुम्ही दुकानात एक अक्षर बोलायचं नाही," त्याने स्कूटरवरच बजावलं. "तुम्हाला गुंडाळतील."

दुकानातल्या मुलीने दोन फोन काचेवर ठेवले. एक साधा, काळा, बघून झोप यावी असा. दुसरा मोरासारखा चमकणारा, पाठीवर चार डोळे.

"काका, तुम्हाला मुख्य काय पाहिजे?" तिने विचारलं.

"कुलूप," दंतोबा म्हणाले.

मेहुणा हसला. "अहो, कुलूप सगळ्यांनाच असतं. रॅम बघा, मेगापिक्सेल बघा! या बजेटात चार कॅमेरे कोण देतो?"

"चार कशाला? दात तर एकाच बाजूने बघायचे."

"असू देत हो. असलेले बरे."

मुलगी काळ्या फोनवर बोट ठेवून म्हणाली, "काका, याचा कॅमेरा तुमच्या कामाला पुरेल. आणि याला कंपनीची सुरक्षेची अपडेट पुढची चार वर्षं येत राहतील. त्या चमकणाऱ्याला सहा महिन्यांनी काही येईल असं मी तरी सांगणार नाही. शिवाय त्यात आधीच चाळीस अ‍ॅप भरलेली आहेत, निम्मी काढताच येत नाहीत."

"चाळीस फुकट!" मेहुणा म्हणाला, आणि निकाल लागला.

मग कुलूप लावायची वेळ आली. मुलगी म्हणाली, "काका, इथे अंगठा ठेवा." दंतोबांनी ठेवला. "पुन्हा ठेवा. जरा दाबून. पुसून ठेवा." दुसरा अंगठा झाला. तर्जनी झाली. दहाच्या दहा बोटं एकेक करून परीक्षेला बसली आणि नापास झाली. शेवटी मुलीने त्यांचा हात दिव्याखाली धरला आणि म्हणाली, "काका, तुमच्या बोटांना ठसाच नाहीये."

खरंच नव्हता. एकतीस वर्षं ती घासायची पूड, ते चाक, तो पॉलिशपेपर. बोटांची टोकं वापरलेल्या साबणासारखी गुळगुळीत झाली होती. दंतोबा स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. आपल्या हाताचं काहीतरी हरवलं आहे आणि ते केव्हा हरवलं हेही आपल्याला सांगता येणार नाही, असं त्यांना वाटलं. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली होती, त्यामुळे जास्त वाटून घ्यायलाही सवड मिळाली नाही.

"चेहऱ्याचं करूया?" मुलगी म्हणाली.

"ते दिवसभर तोंड बांधून बसतात," मेहुणा म्हणाला. "सोड. माझं बोट घे. ठसा कुणाचा का असेना, फोन तर भाऊजींचाच." त्याने अंगठा टेकवला आणि फोनने त्याला पहिल्या झटक्यात ओळखलं, जणू मागच्या जन्मीची ओळख. बोटाच्या जोडीला आकडा लागतो म्हटल्यावर त्याने स्वतःच्या स्कूटरचा नंबर घातला. अकाउंट पाहिजे म्हटल्यावर स्वतःचंच घातलं. "वेगळं कशाला? घरातलंच आहे." मग फोन एकामागून एक परवानग्या मागायला लागला आणि मेहुणा लिलावात बोली लावणाऱ्या माणसाच्या तोऱ्यात 'मान्य, मान्य, मान्य' करत सुटला. टॉर्चने नातेवाइकांचे नंबर मागितले, तेही मान्य.

"टॉर्चला माझ्या नातेवाइकांशी काय करायचंय?" दंतोबांनी दबक्या आवाजात विचारलं.

"भाऊजी, तुमच्या फोनमध्ये असं काय मोठं गुपित आहे हो?"

या प्रश्नाला दंतोबांकडे उत्तर होतं. दोन हजार माणसांएवढं होतं. पण देता येत नव्हतं.

घरी आल्यावर बायकोने आपलं बोट घातलं. "तुम्ही कुठे पडलात-बिडलात तर?" लेकीने आपलं घातलं, कारण आईने घातलं. आता अशी गंमत झाली की फोन दंतोबांच्या खिशात, आणि तो बोट लावताच उघडत होता दंतोबा सोडून सगळ्यांना. ते बिचारे स्कूटरचा नंबर आठवत आठवत दाबायचे. कोरड्या गुळगुळीत बोटांना पडदासुद्धा दाद द्यायचा नाही, चारदा टोचावं तेव्हा एकदा ऐकायचा.

दुसऱ्याच दिवशी मेहुण्याचा फोन आला. "काय भाऊजी, अकरा वाजता बाजारात? काम नाही वाटतं आज?"

"तुला कसं कळलं?"

"नकाशावर दिसता ना तुम्ही! मस्त दिसता. निळा ठिपका."

एकतीस वर्षं अकरा वाजता खाली जाऊन, कोपऱ्यावरच्या दुकानात एकट्याने चहा पिणारा हा माणूस आता चहाला जाताना खिशावर हात दाबून धरायला लागला. एकदा फोन खोलीवरच ठेवून गेला, तर बायकोने घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन केला की हे उचलत का नाहीत. परत आल्यावर सगळा दवाखाना जिन्यात उभा. दंतोबांना कुणी कधी कोंडून घातलेलं नव्हतं, पण कोंडून घातलेल्या माणसाला कसं वाटत असेल ते त्यांना त्या सहा इंची काचेने शिकवलं. दार उघडं, हवा खेळती, आणि प्रत्येक खिडकीत एकेक प्रेमाचं माणूस.

तरी हे सगळं त्यांनी सोसलं असतं. पण पंधरा दिवसांनी मेहुणा आनंदाने ओरडतच फोनवर आला. "भाऊजी! तुमचे दात आमच्या टीव्हीवर येतायत!"

"कोणाचे दात?"

"ते तुम्हाला माहीत! अहो, फोटो आपोआप अकाउंटात चढतात ना. आमचा टीव्ही रिकामा बसला की अकाउंटातले फोटो दाखवतो. काल जेवताना एक जबडा आला, मी म्हटलं हे म्हातारं मिशीवालं असणार. आता मी रोज ओळखतो. बरोबर की चूक तेवढं तुम्ही सांगायचं."

दंतोबा खुर्चीत बसले. खुर्चीवर ओला साचा होता, त्याच्यावरच बसले. "ते बंद कर," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"अहो, नुसते दात! दातांवर काय नाव लिहिलेलं असतं? प्रायव्हसी म्हणजे बँकेची, पासवर्डची. मी ऑफिसात यावर भाषण दिलंय."

दंतोबांनी विनवलं, रागावले, बायकोकडून सांगून बघितलं. बायको म्हणाली, "तो एवढा तुमच्यासाठी धावतो आणि तुम्ही त्याच्यापासून लपवता काय?" फोनमध्ये स्वतः बंद करायला गेले तर फोनने पासवर्ड मागितला, आणि तो मेहुण्याचा. डॉक्टरीणबाईंना म्हणाले फोटो पाठवू नका, तर त्या म्हणाल्या, "फोन कशासाठी घेतला मग?"

आणि शनिवारी दुपारी वहिनी जिना चढून आल्या.

वहिनी म्हणजे मेहुण्याची बायको. तोंडावर रुमाल दाबलेला. रुमालाच्या आडून त्यांनी कागदात गुंडाळलेली एक लहानशी गुलाबी पट्टी टेबलावर ठेवली. चार पुढचे दात, वरचे. पट्टी मधोमध तडकलेली.

ही पट्टी दंतोबांनीच केली होती, नऊ वर्षांपूर्वी. मेहुणा ऑफिसच्या कामाला तीन आठवडे बाहेर गेला असताना वहिनी न्हाणीघरात घसरून नळावर आपटल्या होत्या. तो परत यायच्या आत दात बसवून झाले. त्याला कळवू नका म्हणाल्या. कारण त्या काळात मेहुण्याने आपल्या एका साहेबाच्या कवळीची नक्कल बसवली होती आणि येईल त्या पाहुण्याला तो ती करून दाखवायचा. पाहुणे पोट धरून हसायचे. वहिनीही हसायच्या, आणि ताटं उचलून आत निघून जायच्या. नऊ वर्षं त्या न्हाणीघराचं दार लावून पट्टी धुतात. हे जगात दोघांनाच माहीत, एक डॉक्टरीणबाई आणि एक दंतोबा. दंतोबांच्या बायकोलाही नाही.

"तासाभरात जोडून देतो," दंतोबा म्हणाले. "पंधरा दिवस चालेल. तोवर नवी करतो. रंग इथेच खिडकीत बघू, फोटो-बिटो नको."

"फोटो खाली काढला की," वहिनी म्हणाल्या. "बाई म्हणाल्या, वर पाठवते."

तेवढ्यात दंतोबांच्या खिशात टिंग झालं.

दोघंही त्या खिशाकडे बघत राहिले. आत विंचू असावा तसे.

दंतोबांनी सगळं सांगितलं. वहिनींना निम्मं माहीतच होतं, टीव्ही त्यांच्याच हॉलमध्ये होता; खाली काढलेला फोटोही तिथेच जातो, हे तेवढं आत्ता कळलं. रुमाल बाजूला झाला होता याचंही त्यांना भान राहिलं नाही. "काढून टाका, भाऊजी. आधी काढून टाका तो."

दंतोबांनी स्कूटरचा नंबर दाबला. पडद्याने ऐकलं नाही. पँटला बोट घासून पुन्हा दाबला. उघडला. डॉक्टरीणबाईंच्या निरोपात फोटो होता. दोन बोटांनी वर उचललेला ओठ, खाली मोकळी हिरडी, आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर ठसठशीत तीळ. पाचव्या प्रयत्नात फोटो पुसला गेला. निरोपातून पुसला गेला. फोनने स्वतःसाठी एक प्रत आधीच काढून ठेवली होती आणि ती कधीच वाटेला लागली होती, पण ते या दोघांना कोण सांगणार?

"गेला," दंतोबा म्हणाले. "गेला असावा."

"असावा?"

"वहिनी, हा फोन माझा असता तर मी छातीठोक सांगितलं असतं."

वहिनींनी रुमालाची घडी घातली. "उद्या तुम्ही सगळे आमच्याकडे जेवायला आहात."

"नाही आलो तर?"

"तुम्ही नसलात तरी टीव्ही असेलच ना. या तुम्ही. मी रिमोट लपवते."

रविवारी दुपारी मेहुण्याच्या हॉलमध्ये दंतोबा सोफ्याच्या अशा टोकावर बसले होते की जरा खोकला आला तर खाली पडतील. टीव्ही बंद होता. काळा, शांत, शहाण्या मुलासारखा. मेहुणा उशा उलट्या करून रिमोट शोधत होता.

"अगं, रिमोट कुठे गेला?"

"मला काय माहीत," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. रिमोट पिठाच्या डब्यात होता.

"जाऊ दे ना रे," दंतोबा म्हणाले. "गप्पा मारू."

"गप्पा काय, मारूच. भाऊजी, हल्ली रिमोट लागतो कुणाला? मी फोनवरून लावतो." आणि त्याने लावला.

पहिल्यांदा मेहुण्याच्या ऑफिसची सहल आली. मग एक मांजर. मग दंतोबांचा एक साचा. दंतोबांची बायको म्हणाली, "शी, जेवायच्या वेळी!" मग पुन्हा सहल. दंतोबांना वाटलं, गेला. पुसला होता तो खरंच गेला. त्यांनी पाठ सोफ्याला टेकली, त्या दिवशी पहिल्यांदा.

आणि टीव्हीभर तो ओठ आला.

त्या मोठ्या पडद्यावर तीळ लिंबाएवढा दिसत होता. वहिनी ताट घेऊन दारातून येत होत्या, त्या दारातच थांबल्या. त्यांच्या ओठावर तोच तीळ, त्याच जागी, आणि मेहुणा त्या दोन तिळांच्या बरोबर मधे बसलेला. तोंड टीव्हीकडे.

"हा!" मेहुण्याने टाळी वाजवली. "नवीन! थांबा, कुणी बोलू नका. पुरुष आहे."

कुणीही बोलणार नव्हतं.

"पुरुष, पन्नाशीच्या पुढचा. तंबाखू खात असणार. निष्काळजी माणूस, बायकोने सोडून दिला असेल." तो उठून टीव्हीजवळ गेला. "हा तीळ मात्र... हा तीळ मी कुठेतरी पाहिलाय हं. कुठे बरं?" तो डोळे मिटून कपाळावर बोट आपटायला लागला. "भाऊजी, सांगा, पुरुष की नाही?"

एकतीस वर्षांत दंतोबांनी असल्या प्रश्नाला कधी हो म्हटलं नव्हतं, कधी नाही म्हटलं नव्हतं. तोच त्यांचा धंदा आणि तेवढीच त्यांची मिजास. आता गप्प बसावं तर हा तिळावर आणखी डोकं चालवणार. नाही म्हणावं तर झालंच. त्यांनी वहिनींकडे बघायचं टाळलं आणि जमिनीकडे बघत आयुष्यातलं पहिलं खोटं बोलून टाकलं.

"पुरुषच. बरोबर ओळखलंस."

"बघितलंत! ताई, बघितलंस? नजर असावी लागते याला!" मेहुणा जिंकल्यासारखा सोफ्यावर येऊन पडला. "आठवलं, तीळ आमच्या शिपायाला आहे असाच."

वाचलो, असं दंतोबांना वाटलं. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, पण वाचलो. आणि त्याच वेळी दारातून वहिनींचा आवाज आला.

"पुरुष कसा असेल हो? नीट बघा ना."

दंतोबांनी दचकून वर बघितलं. वहिनी जागच्या हलल्या नव्हत्या. ताट हातात तसंच होतं. पण चेहऱ्यावर काल दुपारची भीती नव्हती. दुसरंच काही होतं.

"नीटच बघितलंय," मेहुणा टीव्हीकडे बघत म्हणाला.

"तरी बघा अजून एकदा. ओठ बघा."

"अगं, ओठ काय बघायचा? या बाबतीत माझी नजर चुकत नाही. भाऊजींनी आत्ता सांगितलं ना?"

टीव्हीने फोटो बदलला. पुन्हा मांजर आलं. वहिनींनी ताट टेबलावर ठेवलं, पुसलेलंच टेबल पुन्हा पुसलं आणि आत गेल्या. दंतोबांची बायको त्यांच्या पाठोपाठ उठली. जाताना तिने एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे, एकदा दंतोबांकडे बघितलं. तिला काय कळलं, किती कळलं, ते दंतोबांना आजतागायत समजलेलं नाही. विचारायची सोयही नाही, कारण विचारणं म्हणजेच सांगणं.

सोमवारी दंतोबा एकटेच त्या दुकानात गेले. मुलीने ओळखलं. "काका, तुम्ही ते ठसा नसलेले ना?"

"हो. याला माझा करून दे."

तिने फोन पार कोरा केला. त्यांच्या नावाचं वेगळं अकाउंट काढलं. कुणाचंच बोट घातलं नाही. फोटो आपोआप वर चढणं बंद, निळा ठिपका बंद, टॉर्चला फक्त उजेड पाडायची परवानगी. चाळीसातली जी अ‍ॅप निघत होती ती काढली, जी निघत नव्हती त्यांचं तोंड बांधलं. "आता सहा आकडे घाला. कुणाला सांगू नका. मलाही नको," असं म्हणून ती पाठमोरी उभी राहिली. दंतोबांनी एकेक आकडा दहा-दहा वेळा टोचत घातला. त्या पाठमोऱ्या मुलीला त्यांनी मनातल्या मनात जितके आशीर्वाद दिले तितके स्वतःच्या लेकीलाही कधी दिले नसतील.

सुख संध्याकाळपर्यंत टिकलं. बायकोने सवयीने फोनवर बोट ठेवलं. काही झालं नाही. दुसरं ठेवलं.

"अहो, हा मला ओळखत नाही."

"हो."

"हो काय हो? कुणी केलं असं?"

"मी."

"माझ्यापासून?"

"सगळ्यांपासून."

"सगळ्यांत मी आले?"

दंतोबांनी फोन परत खिशात ठेवला. फोन उघडून दाखवला असता तर आत कुणा-कुणाचे दात. नाही दाखवला तर नवऱ्याच्या खिशात काहीतरी आहे. त्या रात्री ताट आदळून समोर आलं. दुसऱ्या दिवशी आदळलंही नाही, नुसतं आलं, आणि ते जास्त वाईट होतं. लेक बाबांकडे कुतूहलाने बघायला लागली. मेहुण्याचे निरोप सुरू झाले. 'भाऊजी, मोकळेपणाने बोला. या वयात होतं असं.' काय होतं, ते त्याने लिहिलं नव्हतं. आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायचा एकच मार्ग होता, आणि तोच बंद ठेवण्यासाठी त्यांनी सहा आकडे घातले होते.

गुरुवारी वहिनी नव्या पट्टीच्या मापाला आल्या. दंतोबांनी मेणात चार दात मांडून ठेवले होते. वहिनींनी ते खिडकीत धरून बघितले.

"हा दुसरा दात जरा तिरका ठेवलात."

"तुमचा मूळचा तसाच होता. तुम्हीच तर जुना फोटो आणून दाखवला होता मला. म्हणालात, थेट तसाच करा, यांना फरक दिसता कामा नये." दंतोबांना त्या तिरक्या दाताचा अभिमान होता. सरळ दात कुणीही लावतं. एवढासा, बरोबर तेवढाच तिरका दात लावायला त्यांना तीन दिवस लागले होते.

"सरळ करा," वहिनी म्हणाल्या.

"सरळ केला तर ओळखू येईल."

"येऊ दे."

"वहिनी, एवढी नऊ वर्षं सांभाळलंत..."

"सांभाळलं ना." त्यांनी मेणातले दात टेबलावर ठेवले. "भाऊजी, मला वाटायचं, हे कधीतरी माझ्याकडे बघतील आणि त्यांना कळेल, म्हणून मी घाबरते. रविवारी कळलं, घाबरायचं कारणच नव्हतं. टीव्हीएवढा ओठ दाखवला हो त्यांना. शिपाई आठवला."

दंतोबांनी चष्मा काढून पुसला. धुळीच्या फडक्याने पुसला, त्यामुळे आणखी धुरकट झाला. "आणि त्याने मला विचारलं तर? हे दात सरळ कसे झाले म्हणून?"

"तुम्ही काय सांगता?"

"मी कुणाचंच सांगत नाही."

"नकाच सांगू. मी सांगेन. आधी विचारू तर देत."

दंतोबांनी वात पेटवली, चिमटा तापवला आणि मेण मऊ करून तो दात सरळ केला. हाताला ते काम इतकं नकोसं झालं की मधे दोनदा थांबले.

पुढच्या गुरुवारी पट्टी बसली. वहिनींनी आरशात बघितलं. चार दात, एका ओळीत, दुकानाच्या पाटीवरच्या चित्रातल्यासारखे. अनोळखी माणसालाही लगेच दिसावं असं हसू. वहिनी तशाच, रुमाल न धरता, जिना उतरून गेल्या.

महिना झाला. दंतोबांच्या घरी आता ताट जरा बरं येतं, पण फोन वाजला की बायको अजून दुसऱ्या खोलीत निघून जाते आणि दार मुद्दाम उघडं ठेवते. परवा कशावरून तरी दोघांना मेहुण्याकडे जावं लागलं. मेहुण्याने बोलत बोलतच दार उघडलं. नवा फोन घ्यायचा म्हणत होता, पाठीवर पाच कॅमेरे असलेला, त्याच्यातल्या पाचव्याने काय काय दिसतं ते सांगत होता. वहिनी चहा घेऊन आल्या. हसल्या, पुरत्या, चारही दात दाखवून. त्यांनी कप नवऱ्याच्या हातात दिला, तो त्याने फोनवरून नजर न काढता घेतला आणि "साखर कमी वाटतेय गं" म्हणाला.

वहिनींनी दुसरा कप दंतोबांपुढे ठेवला, त्यांच्याकडे बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली.

अजून नाही.